कपातला गोडवा

१

आमच्या धंद्यात किळस येणारा माणूस टिकत नाही. मी एकोणीस वर्षं टिकलो तो निव्वळ हट्टाने.

मी चहा चाखतो. रोज सकाळी साडेनऊला चाखणीच्या खोलीत लांबलचक टेबलावर चाळीस पांढरे कप मांडलेले असतात. प्रत्येक कपामागे झाकणाचं छोटं भांडं, त्यात वजन करून टाकलेली पत्ती, वरून उकळतं पाणी. सहा मिनिटांनी घंटी वाजते, अर्क कपात उतरतो, ओली पत्ती झाकणावर उलटी पडते आणि आम्ही चमचे घेऊन उभे राहतो. चमचाभर चहा घ्यायचा, जोरात भुरका मारायचा, जिभेवर घोळवायचा आणि थुंकायचा. थुंकायला कमरेइतकी उंच पितळी पिकदाणी असते, तिला चाकं लावलेली. ती पायाने ढकलत आम्ही पुढच्या कपाकडे सरकतो. लहानपणी घरी मी असा भुरका मारला असता तर आईने पाठीत धपाटा घातला असता. इथे त्याचा पगार मिळतो.

खोलीचा एक जुना रिवाज आहे. मोठा पुढे, धाकटा मागे. चमचा ज्याचा त्याचा, कप मात्र सगळ्यांचे. सगळ्यात अनुभवी माणूस ओळ सुरू करतो, त्याच्या मागून दुसरा जातो, आणि कोणी एकही कप गाळायचा नाही. एक जरी गाळला तरी अख्खी ओळ बाद, पाणी पुन्हा उकळा, पत्ती पुन्हा तोला.

आमचे मोठे म्हणजे माझे भावोजी, ताईचे यजमान. मला या धंद्यात त्यांनीच आणलं. ऑफिसात त्यांना सगळे नाकसाहेब म्हणायचे, तोंडावरसुद्धा. बंद डब्याला नाक लावून आत काय आहे ते सांगणारा माणूस, मग दुसरं काय म्हणणार?

पाच आठवड्यांच्या रजेनंतर ते परत आले तेव्हा आमच्या लिहिणाऱ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. आम्ही चाखून जे बोलतो ते बाई वहीत उतरवतात. भावोजींच्या भुवयांच्या मधोमध एक गुलाबी वण होता, बाकी माणूस जसाच्या तसा. त्यांनी ओळ सुरू केली, मी मागून निघालो.

अकराव्या कपाशी मी थबकलो. चांगल्या चहाला गोडवा असतो, पण तो मागून येतो, पाहुण्यासारखा दारात चपला काढून. हा आधीच आत येऊन बसला होता. कोमट, किंचित खारट असा गोडवा. मला तो आवडला.

"अकरावा वेगळाच आहे," मी म्हणालो. "लिहा बाई, गोडसर, मऊ."

भावोजींनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. अकरावा नमुना आम्ही दोघांनी मिळून पसंत केला.

२

अपघात साधा होता. नमुन्यांच्या खोलीत वरच्या फळीवरचा डबा काढताना भावोजी शिडीवरून घसरले आणि कपाळ खालच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. कवटीला चीर गेली. नाकाच्या मुळाशी, मेंदूच्या अगदी खाली, कागदासारखं पातळ हाड असतं म्हणे. तिथेच.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला आणि ताईला बाजूला घेऊन समजावलं होतं. बहुतेकांची चीर आपोआप भरते. उशी उंच ठेवा, नाक शिंकरू देऊ नका. आणि नाकातून पाण्यासारखं स्वच्छ काही गळायला लागलं तर सर्दी समजून गप्प बसू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असतं. वाट झाली की आतलं बाहेर येतं, आणि बाहेरचंही आत जातं. ताईने सगळं कागदावर लिहून घेतलं. ती काहीही लिहून घेते, अगदी दूधवाल्याचा निरोपसुद्धा.

कामावर आल्याच्या तिसऱ्या दिवशी, बाविसाव्या कपावर भावोजी वाकलेले असताना खिडकीतला उजेड त्यांच्या नाकावर पडला होता. नाकाच्या टोकाला एक थेंब जमला. काचेसारखा स्वच्छ. तो वाढला, थरथरला आणि सुटला. कपात टप् असा एवढासा आवाज झाला आणि चहावर एक वर्तुळ उमटून विरलं.

भावोजी पुढच्या कपाकडे गेले. मी बाविसाव्यासमोर चमचा घेऊन उभा राहिलो. मागे बाई पेन सरसावून वाट बघत होत्या.

मी भुरका मारला. तोच गोडवा. कोमट, किंचित खारट.

ओळ संपवून मी शांतपणे संडासात गेलो आणि पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिलो. तीन दिवस मी माझ्या भावोजींच्या मेंदूचं पाणी जिभेवर घोळवत होतो, आणि वर त्याचं कौतुक करत होतो. बाईंच्या वहीत माझ्या नावापुढे सात ठिकाणी 'गोडसर' लिहिलेलं होतं. मी आरशासमोर उभं राहून साबणाने जीभ घासली.

३

दुपारी मी त्यांना जिन्यात गाठलं.

"भावोजी, तुमच्या नाकातून पाणी गळतंय."

"सर्दी आहे."

"सर्दी नाही ती. तुम्हालाही माहीत आहे. आजच्या आज डॉक्टरकडे चला."

ते रेलिंगला टेकले. क्षणभर फार थकलेले दिसले, नंतर हसले. "तुला माहितीये, चीर बुजवताना काय करतात? वास घेणाऱ्या नसा जातात. नेहमी जातात असं नाही, पण जातात. मग मी काय करू? दारात बसून चपला मोजू?"

"जीव तर राहील."

"नाकसाहेबाचं नाक काढून घेतल्यावर साहेब तरी कशाला राहील?" ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले. "आणि माझ्यानंतर ओळ कोण सुरू करणार रे? तूच ना?"

हे मला झोंबलं. एकोणीस वर्षं मी त्यांच्या मागे उभा होतो आणि त्यांच्या खुर्चीचा विचार माझ्या मनात कधीच आला नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. तिथेच त्यांनी मला पकडलं.

"ताईला सांगू नकोस," ते म्हणाले. "दोन आठवडे दे. भरून येईल."

मी हो म्हणालो. माझ्या मनात पाप नाही हे दाखवायचं होतं ना. त्यासाठी त्यांचा जीव टांगणीला लावला, हे मला तेव्हा चांगुलपणा वाटलं.

त्या दिवसापासून रोज चाळीस कप मी त्यांच्या मागून चाखले. रिवाज मोडता येत नव्हता. पुढे जाऊ का विचारलं असतं तर बाईंनी भुवया उंचावल्या असत्या आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसभर झालं असतं. मी चमच्याने कडेचा चहा घ्यायला लागलो, जसं काही थेंब शहाण्यासारखा मधोमधच थांबणार होता.

४

मग आवाज सुरू झाला.

आधी वाटलं बॉयलरमधून येतोय. भावोजी मान वळवायचे आणि कुठूनतरी डुबुक असं ऐकू यायचं. अर्धी भरलेली पाण्याची बाटली हलवल्यावर येतो तसा आवाज. बाईंनीही एकदा टेबलाखाली वाकून पाहिलं. "काही सांडलं का हो?" त्यांनी विचारलं. भावोजींनी खाली बघायला मान वाकवली आणि पुन्हा डुबुक.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी न राहवून डॉक्टरांना फोन केला. ते अजिबात चकित झाले नाहीत.

"डोक्यात हवा शिरली असणार. चिरेतून नाकातली हवा वर जाते. हवा आणि पाणी दोन्ही असलं की मान हलवल्यावर आवाज होऊ शकतो. फार क्वचित होतं. मी आजवर दोनदा ऐकलाय."

"म्हणजे काळजीचं नाही?"

"काळजीचं आहे. मेंदूला संसर्ग झाला तर आमच्या हातात काही राहत नाही. सोमवारी सकाळी आठला आणा त्यांना, उपाशीपोटी. चीर बुजवून टाकू."

मला केवढं हायसं वाटलं! विचित्र असलं तरी ते पुस्तकात होतं. डॉक्टरांनी दोनदा ऐकलं होतं. ज्या गोष्टीला डॉक्टरांकडे तारीख मिळते तिला घाबरायचं कशाला, असं मी स्वतःला बजावलं आणि डबा उघडला.

दुपारी भावोजी त्यांच्या जागेवर नमुन्यांची यादी वाचत बसले होते. मी समोर. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यांची मान स्थिर होती, हनुवटी मुठीवर टेकलेली, फक्त डोळे ओळींवरून सरकत होते.

डुबुक.

मी मान वर केली. ते वाचत होते. त्यांनी पान उलटलंसुद्धा नव्हतं.

डुबुक, डुबुक. तळ्यात बेडूक जागा बदलतो तसं. मान हलल्याशिवाय आवाज का व्हावा, हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं होतं.

"भावोजी, सोमवारची वेळ घेतलीये मी," मी घाईने म्हणालो.

"मी येणार नाही," ते यादीवरची नजर न काढता म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण इतका गुळगुळीत की त्याला धरायला कुठे कडच नव्हती.

५

गुरुवारी चाखणीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी उंबऱ्यावरूनच मागे फिरलो. कपाटामागे उंदीर मेला होता, निदान दोन दिवसांपूर्वी. वास असा की डोळ्यांतून पाणी यावं. बाई नाकाला ओढणी लावून बाहेर बाकावर बसल्या होत्या. सफाईवाल्याला बोलावणं गेलं होतं.

भावोजी आत होते. कपाटाला पाठ लावून, वासाच्या ऐन तोंडावर बसून ते सँडविच खात होते.

"दार लाव, वारा येतोय," ते म्हणाले.

"तुम्हाला काही येत नाहीये?"

"काय यायचंय?"

मी कपाटाकडे बोट दाखवलं. त्यांनी वळून पाहिलं, मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि उशिरा, आठवल्यासारखं, नाक मुरडलं. "हां. काहीतरी मेलंय वाटतं."

त्यांना वास येत नव्हता. थोडासुद्धा नाही. ज्या नाकासाठी ते ऑपरेशन टाळत होते ते अपघाताच्या दिवशीच गेलं होतं. मला त्यांची दया आली आणि रागही आला. पाच आठवड्यांनी परतल्यापासून ते आम्हाला बनवत होते तर! आठवणीवर आणि अंदाजावर ओळी हाकत होते.

पण हिशोब जुळेना. त्यांचा एकही शेरा चुकला नव्हता. मी बाईंच्या वहीतल्या जुन्या पानांशी ताडून पाहिलं. उलट पूर्वी कधीतरी चुकायचे, आता मुळीच नाही. दुपारी मी मुद्दाम एकाच चहाचे दोन कप ओळीत दूर दूर ठेवले, सातवा आणि तिसावा. बाईंनाही सांगितलं नाही.

तिसाव्याशी भावोजी थांबले. "हा सातवाच आहे," ते म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "मेहुण्या, मस्करी करतोस?"

खोलीत फिनाइलचा वास अजून उग्र होता. मला स्वतःला तिसाव्याची धड चव लागली नव्हती.

आणि तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, जी इतके दिवस माझ्या कानांनी सांगूनही मी ऐकली नव्हती. पुढून भुरक्याचा आवाज येत नव्हता. किती दिवस येत नव्हता कोण जाणे. भावोजी चमचा हातात नुसता धरत होते, कपावर खूप खाली वाकत होते, आणि काही वेळाने उठून शेरा सांगत होते.

६

आमचे कप एका मापाचे. आतल्या बाजूने बारीक निळी रेघ असते, चहा बरोबर तिथपर्यंत भरतात. चमच्याने चाखल्यावर पातळी फार तर नखभर खाली जाते.

शुक्रवारी मी भावोजींच्या मागे न राहता पिकदाणी अडकल्याचं निमित्त करून टेबलाच्या पलीकडच्या बाजूला वाकलो. डोळे कपांच्या उंचीवर आले. बाई खिडकीशी फोनवर बोलत होत्या. सकाळचे दहा वाजले होते, स्वच्छ ऊन होतं, माझी झोप पूर्ण झालेली होती. हे सगळं सांगतोय कारण नंतर मी स्वतःलाच शंभर वेळा विचारलं की मला भास तर झाला नाही.

भावोजी सोळाव्या कपावर वाकले. तोंड मिटलेलं. हातातला चमचा टेबलावर टेकलेला. नाकाचं टोक चहाला लागलं आणि आणखी थोडं खाली गेलं.

चहा निळ्या रेघेवरून उतरायला लागला.

बुडबुडा आला नाही, सुरसुर झाली नाही. गळा हलला नाही. तो मी मुद्दाम पाहिला, कंठमणी जागच्या जागी होता. नुसती पातळी खाली जात होती, संथपणे, वासराने बादलीत तोंड घातल्यावर जाते तशी. दोन बोटं उतरली. वाफाळता चहा होता तो. माणसाच्या नाकात एक थेंब गेला तरी तो ओरडून उठेल. भावोजींचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि त्यांत पाणी आलं होतं. सुखाने आलं की वेदनेने, ते मला कळलं नाही.

मग ते उठले. नाकाच्या टोकाला थेंब जमला. आज तो स्वच्छ नव्हता, तपकिरी होता, आणि त्यात काहीतरी धाग्यासारखं लोंबत होतं. तो कपात पडला. दिलं-घेतलं झाल्यासारखं.

"सोळावा," ते म्हणाले. "ठसठशीत आहे. पण पावसाळ्यातला, जुना."

मी पिकदाणीत ओकलो. बाई फोन टाकून धावत आल्या. "अहो, काय झालं? बसा, बसा. साहेब, ह्यांना पाणी द्या."

भावोजींनी पाण्याचा ग्लास भरला. मला देण्याआधी त्यांनी तो सवयीने नाकाजवळ नेला.

मी ग्लास घेतला नाही. तब्येतीचं कारण सांगून घरी निघालो आणि वाटेत दोनदा गटाराशी थांबलो.

७

शनिवारी मी ताईला फोन केला. दिलेला शब्द मोडला. पाण्याचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, डॉक्टरांनी सोमवारी बोलावलंय ते सांगितलं. कपाचं मात्र सांगू शकलो नाही. कुठल्या तोंडाने सांगणार, तुझा नवरा नाकाने चहा पितो म्हणून? ती म्हणाली असती, आधी तुलाच डॉक्टरकडे नेते.

ताईच्या मागे कपडे धुण्याचं मशीन फिरत होतं.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"पंधरा दिवस झाले. चुकलंच माझं, ताई. ते म्हणाले सांगू नको."

"आणि तू ऐकलंस." ती रागावली नव्हती. तेच मला लागलं. "सोमवारी ये सातला. मी ह्यांना तयार ठेवते."

"ते येतील?"

"सकाळी लवकर येतील," ती म्हणाली. "सकाळी लवकर ह्यांना कोणाचं ऐकावं लागत नाही."

या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. झोपेतून उठल्यावर माणूस वाद घालत नाही, असं काहीतरी तिला म्हणायचं असेल, असं मी धरून चाललो. त्या रात्री मी दोन आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

८

सोमवारी टॅक्सी खाली उभी करून मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं. दिवाणखान्यात डॉक्टरांची फाईल, एक पिशवी, घडी घातलेला स्वेटर, सगळं तयार. दोरीवर उशांचे अभ्रे वाळत होते, नऊ-दहा तरी. धुतलेले होते, तरी प्रत्येकाच्या मधोमध तपकिरी डाग होता.

"आत ये," ताईने स्वयंपाकघरातून हाक मारली.

भावोजी ओट्याशेजारी लाकडी खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती टॉवेल. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ सुकलेले. मला पाहताच त्यांनी माझं मनगट पकडलं. बोटं गार होती आणि पकड अशी की नखं रुतली.

"मला ने," ते म्हणाले. आवाज घोगरा, तुटका, पण तो त्यांचा होता. एकोणीस वर्षं ऐकलेला, शिव्या देणारा, मस्करी करणारा. "आत्ता ने. ती काय म्हणते ते ऐकू नको. आत्ता ने मला."

"नेतो, भावोजी. टॅक्सी खाली उभी आहे."

"जिन्यात मी नाही म्हणालो ना तुला," ते म्हणाले, "मी म्हणालो नव्हतो रे ते." त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

कपाळावरच्या वणाखाली डुबुक झालं. ते कळवळले, दोन्ही हातांनी डोकं दाबून धरलं, आणि तोंडातून असा आवाज काढला की मी घाबरून मागे सरकलो.

"बघितलंस?" ताई म्हणाली. ती ओट्याकडे तोंड करून उभी होती. वळली तेव्हा तिच्या हातात बाळाला दूध पाजायचं चोचीचं बोंडलं होतं. चांदीचं, लहानपणी आम्हा दोघांना ज्यातून पाजलं ते. तिने मनगटावर थेंब टाकून ऊब पाहिली. "उपाशी असला की असं करतो. रात्रभर काही दिलं नाही म्हणून सकाळी हे थोडा वेळ बोलू शकतात. पण किती हाल होतात बघ. वाटेत काही झालं तर?"

"ताई, काय करतेस तू?"

"हॉस्पिटलातून आल्यापासून करतेय. दिलं की शांत होतो. दिलं की हे जेवतात, हसतात, कामावर जातात, मला नावाने हाक मारतात. पहिल्या दिवशी दिलं नव्हतं तेव्हा ह्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. मी काय करायला हवं होतं?"

"डॉक्टरांना सांगायला हवं होतंस! ते चीर बुजवतील, संपलं."

ताईने माझ्याकडे पाहिलं. माझी ताई, जिने मला हाताला धरून शाळेत नेलं. "चीर बुजवल्यावर मी भरवू कुठून?" ती म्हणाली. "तो तर आतच राहील."

खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

भावोजी खुर्चीत आखडले होते, टाचा फरशीवर घासत होत्या. "डोकं धर ह्यांचं," ताई म्हणाली. "एका हाताने जमत नाही मला. धर ना रे. नुसता बघतोयस काय!"

आणि मी धरलं. का धरलं, याची उत्तरं मी पुष्कळ शोधली. ते किंचाळत होते म्हणून. ताईने सांगितलं म्हणून. खरं एवढंच की तो आवाज बंद व्हावा असं मला वाटत होतं. मी मागे उभा राहिलो, एक हात हनुवटीखाली, दुसरा कपाळावर. त्यांचं डोकं मागे झुकलं. उलट्या बाजूने ते माझ्याकडे बघत होते, ओठ हलत होते. मला ने. मला ने.

ताईने बोंडल्याची चोच नाकपुडीला लावली आणि दूध ओतलं, धार न तुटता, जसं सरावलेल्या हातानेच ओतता येतं.

हनुवटीखालचा गळा शांत होता. गिळलं ते माझ्या दुसऱ्या तळहाताखाली. कपाळाच्या हाडामागे काहीतरी दाटलं, आवळलं आणि सैल झालं. पुन्हा एकदा. मग तळहाताला आतून काहीतरी टेकलं, मऊ आणि ओलसर, तान्ह्या बाळाच्या टाळूवर हात ठेवल्यासारखं, आणि माझ्या हाताचा आकार चाचपत ते बोटांच्या दिशेने सरकलं. वण किंचित उघडला. आत जे होतं ते बघायच्या आधी मी डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा भावोजींचा चेहरा टवटवीत झाला होता. ते सरळ बसले, टॉवेलने नाक टिपलं आणि माझ्याकडे बघून हसले.

"काय मेहुण्या, सकाळी सकाळी? कुठे जायचं होतं का आपल्याला?"

फाईल टेबलावर होती. हॉस्पिटल पंचवीस मिनिटांवर होतं. तो ठणठणीत होता, चालू शकत होता, मी दंडाला धरून ओढत नेला असता तरी नेता आला असता. आत कुठेतरी माझे भावोजी होते आणि त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. पण टॅक्सीत मला त्याच्या शेजारी बसावं लागलं असतं. वळणावर ते डोकं माझ्या खांद्याला लागलं असतं. माझा तळहात अजून ओला होता आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं, फक्त तो कुठे पुसू, कुठे पुसू. माया होती, कर्तव्य कळत होतं, भीतीसुद्धा एक वेळ गिळली असती. किळस गिळता आली नाही.

मी खाली आलो. ड्रायव्हरने मागचं दार उघडून धरलं होतं.

"पेशंट कुठे आहेत?"

"येत नाहीयेत. तुम्ही जा."

"बरे आहेत ना पण आता?" त्याने काळजीने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "भूक चांगली लागते त्यांना."